अब्बांना सांगायचं की नाही? बरा न होणारा आजार निघाल्यावर घरानं करायची कामं

पुण्याहून रिपोर्ट घेऊन परतताना वाघोलीच्या ट्रॅफिकमध्येच ठरतं. मोठा मुलगा फाइल सीटखाली सरकवतो आणि धाकट्याला म्हणतो, "घरी फक्त गाठ आहे म्हणायचं. अब्बांना काही कळता कामा नये." मुकुंदनगरात, झेंडीगेटला, भिंगारला, श्रीरामपूर-संगमनेरच्या मोहल्ल्यांत असं घर आपण सगळ्यांनी पाहिलंय. काहींनी स्वतःचंच पाहिलंय.

पुढं काय होतं तेही ठाऊक आहे. अब्बांना सगळं कळलेलं असतं. केमोचा वॉर्ड ज्यानं बघितला त्याला वेगळं सांगावं लागत नाही. ते मुलांसाठी नाटक करतात, मुलं त्यांच्यासाठी. तीन-चार महिने सगळेच खोटं हसतात आणि त्या नाटकात करायची कामं राहून जातात. कुणाचे पैसे द्यायचे, कुणाकडून यायचे, अम्मीचा मेहेर दिला का, पतसंस्थेत जामीन कुणाला राहिले, वारलेल्या मुलाच्या लेकरांचं काय. हे सगळं माहीत असलेला माणूस एकच असतो, आणि त्यालाच आपण विचारत नाही.

आमचं म्हणणं स्पष्ट आहे. रुग्ण होशात असेल, ऐकायची त्याची तयारी असेल, तर त्याला सांगितलं पाहिजे. धक्का द्यायचा नाही, एका बैठकीत सगळं ओतायचं नाही. आधी त्यालाच विचारावं, "डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला सगळं ऐकायचंय का?" काहीजण नको म्हणतात, तोही त्यांचा अधिकार. पण बहुतेक हो म्हणतात, आणि ऐकल्यावर रडण्याआधी कामाचं बोलायला लागतात.

हजरत उमर (रजि.) यांच्यावर फज्रच्या नमाजात खंजिराचे वार झाले तेव्हाचा प्रसंग बुखारी शरीफमध्ये तपशिलानं आलाय. त्यांना दूध पाजलं तर ते जखमेतून बाहेर आलं आणि आता हे वाचत नाहीत हे सगळ्यांना समजलं. कुणी त्यांच्यापासून लपवलं नाही. मग त्यांनी काय केलं? मुलगा अब्दुल्लाह (रजि.) यांना आपल्या कर्जाचा हिशेब करायला सांगितलं. तो निघाला सुमारे 86 हजार. ते आधी घरच्यांच्या मालातून फेडायचं, कमी पडलं तर आपल्या कबिल्याकडून, तरीही नाही भागलं तर कुरैशकडून मागायचं, त्यापलीकडे कुणाकडे जायचं नाही, असा क्रमही लावून दिला. दफनाच्या जागेसाठी हजरत आयेशा (रजि.) यांची परवानगी मागवली. पुढचा खलीफा निवडायला सहा जणांची नावं दिली. खिलाफतीसारखा पसारा होता, तरी कर्जाचा हिशेब त्यांनी राहू दिला नाही. हे शक्य झालं, कारण त्यांना खरं माहीत होतं.

डॉक्टरांना काय विचारायचं

"बरे होतील ना?" एवढंच विचारून आपण केबिनमधून बाहेर येतो. त्यापेक्षा वहीत लिहून न्यावं: या उपचारानं आजार जाईल, की फक्त काही काळ थांबेल? थांबेल तर किती, आणि त्या काळात माणूस उठून बसेल की खाटेवरच राहील? उपचार घेतले नाहीत तर काय होईल? त्रास वाढला तर रात्री कुणाला फोन करायचा? आता वावर विकून किंवा सोनं मोडून तिसऱ्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं की नाही, हे या उत्तरांवरच ठरतं. बाप वाचला नाही आणि वावरही गेलं, अशी घरं आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत.

खर्चाचं आधी बघा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना 2024 पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती होण्याआधी तिथं जायचं, बिल झाल्यावर नाही. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर तिथंच अडतं. टोल फ्री नंबर 155388. रुग्ण 70 वर्षांच्या पुढचा असेल तर आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घ्या, त्याला उत्पन्नाची अट नाही. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वे आणि एसटीच्या तिकिटात सवलत असते, तीही बरेचजण मागत नाहीत.

"आता आमच्या हातात काही नाही, घरी न्या" असं डॉक्टरांनी सांगितलं की आपल्याला वाटतं दवा संपली. तसं नाही. दुखणं, दम, उलट्या, पाठीच्या जखमा, झोप, भीती यांवर काम करणारी वेगळी शाखा आहे, तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत उपशामक सेवा. नगरकरांना जवळचं ठिकाण म्हणजे पुण्यात वारजे इथलं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र. 1997 पासून चालू आहे आणि कर्करोगाच्या रुग्णांना तिथं मोफत सेवा मिळते. जखम कशी धुवायची, नळीतून कसं भरवायचं, हे घरच्या माणसालाही शिकवतात. मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 चं, देशातलं असं पहिलं, तेही मोफत. टाटा मेमोरियलमध्ये या कामासाठी स्वतंत्र विभाग आहे. जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या मेडिकल कॉलेजात गेलात तर थेट शब्द वापरून विचारा, "पॅलिएटिव्हची ओपीडी कोणत्या दिवशी असते?"

मॉर्फीनचं नाव ऐकलं की घरात कुजबुज सुरू होते. नशेची गोळी, सवय लागेल, लवकर जातील. कर्करोगाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मॉर्फीन हे औषध आहे. योग्य मात्रेत ते आयुष्य कमी करत नाही. दुखणं कमी झालं की माणूस जेवतो, झोपतो, बोलतो, इशाऱ्यानं का होईना नमाज पढतो. 2014 मध्ये कायदा बदलून मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते ठेवणं सोपं केलं गेलं. तरी ते प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही, म्हणून गोळ्या संपायच्या आत पुढची सोय करा.

व्हेंटिलेटरचा प्रश्न

हा प्रश्न रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात विचारला जातो आणि त्या वेळी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून आधी बोला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 च्या हल्ल्यानंतर 2015 मध्ये वारेपर्यंत, 41 वर्षं, बेशुद्धीसारख्या अवस्थेत होत्या. त्यांच्या खटल्यातून या विषयाला देशात तोंड फुटलं. 9 मार्च 2018 ला सुप्रीम कोर्टानं 'लिव्हिंग विल' मान्य केलं आणि 24 जानेवारी 2023 ला त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं. आपण बोलू शकत नसलो तर आपल्या वतीनं कुणी बोलायचं, त्याचं नाव त्यात लिहायचं. तो कागद असला तरी दवाखाना लगेच मशीन काढत नाही. डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात, मगच निर्णय होतो. कागद नसला तरी घरच्यांच्या संमतीनं याच वाटेनं जाता येतं.

दीनच्या बाजूनं लोक इथं दोन गोष्टींची गल्लत करतात. जीव घेणं हराम आहे, त्यावर मतभेद नाही. पण ज्या उपचाराचा फायदाच उरला नाही तो नाकारणं हा वेगळा मसला आहे आणि अनेक उलेमांनी त्याला जागा ठेवली आहे. आपल्या मौलानांसमोर रुग्णाची खरी हालत मांडा आणि विचारा. शक्यतो डॉक्टरांचा कागद सोबत न्या. अर्धवट माहितीवर मिळालेला जवाब अर्धवटच असतो.

देणं आधी, वाटा नंतर

आता ज्या कामावरून पुढं भावाभावांत अबोला धरला जातो, त्याकडे येऊ.

मरहूमच्या मालमत्तेतून चार गोष्टी क्रमानं होतात: कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, आणि उरलेल्यातून वारसांचे हिस्से. क्रम उलटा करता येत नाही. म्हणून पहिला कागद कर्जाचा करा. पतसंस्था, सोसायटी, बचत गट, सोनाराकडे ठेवलेले दागिने, दुकानाची उधारी, हात उसने घेतलेले पैसे, आणि जिथं जामीन राहिलोय ती नावं. दुसऱ्या पानावर येणं लिहा. दुसऱ्याची अमानत घरात असेल तर तिसऱ्या पानावर, कारण ती वारसांची नाहीच.

मेहेर याच यादीत येतो. निकाहनाम्यावर 'उधार' लिहिलेला मेहेर हे कर्ज आहे. बायकोनं जनाजा उठताना चारचौघांत "माफ केला" म्हणायची जी रीत काही ठिकाणी पडलीय, ती बंद व्हायला हवी. त्या घडीला कोणती बाई नाही म्हणेल? द्यायचा तो माणूस जिवंत असताना हातात द्या. जमत नसेल तर कर्ज म्हणून लिहून ठेवा.

देणं बंद्यांचं असतं तसं अल्लाहचंही असतं. राहिलेली जकात, फर्ज होऊन राहून गेलेला हज, सुटलेले रोजे. बरं होण्याची उमेद नाही अशा रुग्णाला रोजा माफ आहे, बदल्यात रोज एका मिस्कीनला जेवण, म्हणजे फिदिया. हे आपल्या पश्चात व्हावं असं वाटत असेल तर वसीयतीत लिहावं लागतं. हनफी मतानुसार ते एक तृतीयांशातून होतं आणि लिहिलं-सांगितलं नसेल तर वारसांवर बंधन राहत नाही.

वसीयतीचे दोन मोठे नियम सगळ्यांनी ऐकलेत, पण वापरायच्या वेळी विसरतात. एक, कर्ज वजा जाता उरलेल्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच. दोन, वारसाच्या नावे नाही. यातलं काहीही ओलांडलं तर मृत्यूनंतर बाकीच्या वारसांची राजी लागते. हे सुन्नी-हनफी मत आहे. शिया फिकहमध्ये वारसाबाबतचा नियम वेगळा आहे. कायद्यानं मुसलमानाची वसीयत तोंडीही चालते, पण तोंडी वसीयतीचं कोर्टात काय होतं ते वकिलाला विचारा. साध्या कागदावर लिहा, तारीख टाका, वारस नसलेले दोन साक्षीदार घ्या. जमलं तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, ती सक्ती नाही.

काहींना वसीयत लिहिणं अपशकुन वाटतो. एक तृतीयांशाचा हा हुकूम ज्यांच्या निमित्तानं आला ते हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत इतके आजारी होते की जगायची आशा नव्हती. वारस म्हणून एकच मुलगी, म्हणून दोन तृतीयांश माल सदका करू का, असं त्यांनी प्रेषित (सल्ल.) यांना विचारलं. एक तृतीयांश, आणि तोही पुष्कळच, असा जवाब मिळाला. मग साद बरे झाले, कादसियाची लढाई त्यांच्या सरदारीत जिंकली गेली आणि पुढं कित्येक दशकं ते जगले.

वसीयतीची खरी गरज कुठं पडते? नातवंडांसाठी. मुलगा बापाच्या आधी वारला आणि दुसरा मुलगा हयात असेल तर वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांच्या मालमत्तेत हिस्सा येत नाही. लोक इथं शरियतला नावं ठेवतात. पण ती लेकरं वारस नाहीत, म्हणूनच त्यांच्या नावे वसीयत करता येते. तो दरवाजा उघडाच आहे, आपणच त्यातून जात नाही.

हिशेब करून बघू. समजा एकूण 30 लाखांची मालमत्ता. दफन, कर्ज आणि मेहेर मिळून 6 लाख गेले, उरले 24. आजोबांनी यतीम नातवंडांसाठी पूर्ण एक तृतीयांश लिहिलाय, म्हणजे 8 लाख. राहिले 16. बायकोला आठवा हिस्सा, 2 लाख. 14 लाखांत दोन मुलगे आणि तीन मुली: मुलाचे दोन भाग, मुलीचा एक, असे सात भाग. प्रत्येक मुलाला 4 लाख, प्रत्येक मुलीला 2 लाख. आईवडील हयात असते तर त्यांचा सहावा-सहावा हिस्सा आधी निघाला असता. आपल्या घरचा आकडा आलिम किंवा जाणकार वकिलाकडून काढून घ्या.

खाटेवरून उचलून रजिस्ट्रार ऑफिसला

हे दृश्य तालुक्याच्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात दिसतं. सलाइनची सुई हातात, दोन मुलांनी बगलेत धरलेलं, अंगठा लावायला आणलेलं. बक्षीसपत्र करायचंय, सगळं मुलांच्या नावे. मुलींना खबर नाही.

यावर शरियतचा आणि भारतातल्या कोर्टांनी मानलेला नियम आहे: मर्ज-उल-मौत. ज्या आजारात मृत्यूची भीती मनात बसलीय, माणूस रोजची कामं करू शकत नाही आणि त्याच आजारात तो जातो, त्या काळात केलेला हिबा हा वसीयतीसारखा धरला जातो. म्हणजे एक तृतीयांशाची मर्यादा आली आणि वारसाच्या नावे असेल तर बाकीच्या वारसांची संमती आली. कागद नोंदवलेला आहे, स्टॅम्प ड्युटी भरलीय, एवढ्यानं तो टिकत नाही. मुलगी कोर्टात गेली तर दवाखान्याची तीच फाइल पुरावा होते. वर्षापेक्षा जास्त रेंगाळलेल्या आणि स्थिर असलेल्या आजाराला साधारणपणे मर्ज-उल-मौत धरत नाहीत, पण शेवटी तो पुराव्याचा प्रश्न असतो. आजारात अचानक "मोठ्याचं माझ्याकडे पाच लाख देणं आहे" असं कबूल करून घेण्याची युक्तीही हनफी कायद्यात बाकीच्या वारसांच्या मान्यतेशिवाय चालत नाही. खरंच देणं असेल तर जुना कागद, बँकेची नोंद शोधून ठेवा.

आणि हक्कसोड. बाप जिवंत असताना मुलीच्या सह्या घेतात. मुस्लिम कायद्यात बापाच्या हयातीत तिचा हक्क जन्मालाच आलेला नसतो, मग ती सोडणार काय? मोबदला घेऊन सही दिली असेल तर कोर्टात गोष्ट वेगळी होऊ शकते, पण साडीचोळीवर घेतलेली सही म्हणजे मोबदला नव्हे. बहिणीला खरोखर द्यायचं असेल तर वाटा तिच्या हातात येऊ द्या, मग ती भावाला काय देते ते तिचं.

ज्याला मुलामुलींना हयातीत काही द्यायचंय, त्यानं तब्येत चांगली असताना, सगळ्यांना सांगून, ताबा देऊन द्यावं. आजार निघाल्यावर ती वेळ बहुतेक गेलेली असते.

कागद, बँक आणि ते चार महिने

नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण ते असतात सगळ्या वारसांचे. सुप्रीम कोर्टानं विम्याबाबत सरबती देवी खटल्यात हे सांगितलं आणि डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सबाबतही तेच म्हटलं. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. मुखत्यारपत्र माणसाच्या मृत्यूबरोबर संपतं. वारल्यानंतर त्याच्या एटीएममधून पैसे काढणं, कितीही गरज असली, तरी चुकीचंच आणि पुढच्या भांडणाचं मूळ.

नावांचा घोळ आताच निस्तरा. आपल्याकडे आधारवर नाव-वडील-आडनाव, सातबाऱ्यावर शेख आधी आणि शेवटी 'भाई' चिकटलेलं, अम्मीच्या नावापुढं एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम', माहेरचं नाव वेगळंच. माणूस हयात असताना एका प्रतिज्ञापत्रानं मिटणारी गोष्ट नंतर वारस दाखल्यासाठी दिवाणी कोर्टापर्यंत जाते.

शेवट घरीच व्हावा अशी रुग्णाची इच्छा असेल तर इलाज करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. शेवटच्या आजारात तपासणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला विनाशुल्क द्यायचा असतो. नोंद 21 दिवसांत, आणि जिथं मृत्यू झाला तिथंच. पुण्यात वारले तर दफन नगरला झालं तरी मृत्यूची नोंद पुण्याची. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या, प्रत्येक ठिकाणी लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला 18 ते 59 वयाचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत 20 हजार मिळतात, अर्ज तहसीलमध्ये.

जमिनीची वारसाची खबर तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायची असते. ई-हक्क पोर्टलवरूनही अर्ज होतो. अर्जात सगळे वारस लिहा. बहिणींची नावं गाळून नोंद करून घेतली तर त्यांचा हक्क जात नाही, फक्त फेरफारावर तक्रार होते आणि सातबारा लटकतो.

अम्मीची इद्दत चार महिने दहा दिवसांची, म्हणजे हे तीन महिने तिच्या आतच येतात. जरुरीच्या कामासाठी दिवसा बाहेर पडायला हनफी मतात विधवेला परवानगी आहे, तरी त्या दिवसांत तिला बँकेच्या रांगेत उभं करायला कुणाचं मन होत नाही. म्हणून अब्बा सही करू शकतात तोवर एक खातं दोघांच्या नावानं करून घ्या, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' या प्रकारचं. चार-पाच महिन्यांचा किराणा, लाइटबिल आणि दवापाण्याचे पैसे त्यात टाका आणि पासबुक कुठं ठेवलंय ते तिला दाखवा.